बांगडा आला, सुरमई आली, पापलेट आलं

मुलाचे भाषाशिक्षण जन्माच्या आधी सुरू होते. गर्भाचे कान सहाव्या महिन्याच्या सुमारास काम करू लागतात आणि पुढचे तीन महिने त्याला सर्वांत जवळून ऐकू येतो तो आईचा आवाज. शब्द कळण्याचा प्रश्नच नसतो. पोटाच्या आत पोचते ती बोलण्याची चाल, म्हणजे आवाजाचे चढउतार, लांबी, ठेका. ही चाल बाळ बरोबर घेऊन येते. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी 30 फ्रेंच आणि 30 जर्मन नवजात बाळांचे रडणे ध्वनिमुद्रित करून तपासले. फ्रेंच घरांतल्या बाळांचे रडणे खालून वर चढत जाई, जर्मन घरांतल्या बाळांचे वरून खाली उतरे. त्या दोन भाषांमधली वाक्येही साधारण अशीच चालतात. बाळ कोणावर गेले आहे याची चर्चा बाळंतिणीच्या खोलीत नाकाडोळ्यांवरून होते. रडण्यालाही त्या चर्चेत जागा द्यायला हरकत नाही.

दापोली तालुक्यातले बुरोंडी हे अरबी समुद्राकाठचे मासेमारीचे गाव. लाडघर, कोळथरे ही शेजारची गावे, आणि तालुक्यातले मोठे बंदर हर्णै. इथे जन्मलेल्या बाळाच्या कानावर जी मराठी पडते ती एकच एक नसते. उत्तर रत्नागिरीच्या बोलींची दखल ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 साली निघालेल्या मराठीवरील खंडातच घेतलेली आहे. बाणकोटी, संगमेश्वरी, कोळी, कुणबी, चित्पावनी अशी नावे तिथे भेटतात. किनाऱ्यावरची कोळ्यांची बोली, वाडीतली कुणब्यांची बोली, कोकणी मुसलमानांची बोली, टीव्हीवरची मालिकेतली मराठी, आणि गौरी-गणपतीला किंवा शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांची मुंबईची मराठी, एवढे सगळे या किनारपट्टीवरच्या मुलाला चालता येण्याआधीच ऐकायला मिळते. भाषेच्या दृष्टीने ही श्रीमंती आहे. शहरातल्या बंद दाराच्या फ्लॅटमधल्या मुलाला ती सहसा लाभत नाही.

एवढ्या आवाजांतून आपल्या भाषेचे आवाज कोणते, हे बाळ पहिल्या वर्षात ठरवते. या बाबतीतला सर्वांत गाजलेला प्रयोग कॅनडात झाला आणि त्यात वापरलेले आवाज आपल्या ओळखीचे आहेत. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही आणि मोठ्या इंग्रजी भाषकांना तो ऐकूही येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो सहज ओळखता आला. दहा-बारा महिन्यांची होईतो त्यांची ही शक्ती जवळजवळ नाहीशी झाली होती. बाळ जन्मतः जगातल्या कोणत्याही भाषेला तयार असते, आणि वर्षभरात आपल्या भाषेला न लागणाऱ्या भेदांकडे कान बंद करते. मराठी घरातले बाळ 'त-ट', 'द-ड', 'प-फ' यांचे भेद जपून ठेवते. 'चाक' मधला 'च' आणि 'चिमणी' मधला 'च' वेगळे आहेत, 'जाळं' मधला 'ज' आणि 'जीभ' मधला 'ज' वेगळे आहेत, हे लिपीत दिसत नाही आणि कोणी शिकवतही नाही. तीन वर्षांचे मूल ते सहसा चुकत नाही.

आवाज ओळखल्यावर पुढची अडचण येते ती शब्द वेगळे काढण्याची. लिहिताना दोन शब्दांत जागा सोडतात, बोलताना सोडत नाहीत. 'बाळालाभूकलागलीवाटतं' असा सलग प्रवाह कानावर येतो. जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1996 साली आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अशी सलग माळ फक्त दोन मिनिटे ऐकवली. कोणते अक्षर कोणामागून नेहमी येते आणि कोणते क्वचित, याचा हिशेब बाळांनी तेवढ्यात केला होता. 'बा' मागून 'ळा' पुन्हा पुन्हा येतो, 'ळा' मागून मात्र कधी 'ला' येतो, कधी 'ची', कधी 'ने'. मराठीतले प्रत्यय मुलाला सापडतात ते अशा मोजदादीतून. व्याकरणाचे पुस्तक त्यानंतर दहा वर्षांनी हाती येते.

ऐकण्याच्या बरोबरीने बोलण्याचीही तयारी चालू असते. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. आई त्याला 'हो का? मग काय झालं?' असे उत्तर देते आणि थांबते. बाळ पुन्हा हुंकारते. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मग पाळी बदलायची, हा संभाषणाचा पाया शब्दांच्या आधी घातला जातो. सहा-सात महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' अशी अक्षरांची माळ सुरू होते. जगातल्या बहुतेक भाषांत आईबापांची नावे याच अक्षरांतून घडलेली आहेत, कारण ओठ मिटून उघडणे हे तोंडाचे सर्वांत सोपे काम. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास बाळ बोट दाखवू लागते, आणि इथे संवाद खऱ्या अर्थाने सुरू होतो. ओट्यावर आलेल्या मांजराकडे बोट करून बाळ मांजराकडे बघते, मग आजीकडे वळून बघते, पुन्हा मांजराकडे बघते. त्याला मांजर हवे असते असे नाही. आजीनेही ते बघावे एवढेच हवे असते. आजी 'माऊ आली' म्हणते. दोघांची नजर ज्या वस्तूवर आहे तिचे नाव त्याच क्षणी उच्चारले गेले, तर ते मनात रुजते.

माणूस समोर असणे किती महत्त्वाचे असते, हे पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगाने दाखवले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून 12 वेळा खेळवले, गोष्टी सांगितल्या. त्या बाळांना चिनीतले आवाज ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाने तेच खेळवणे, तीच माणसे पडद्यावर पाहिली. ती बाळे काहीच शिकली नाहीत. कारण पडदा बाळाच्या नजरेला नजर देत नाही आणि बाळ हुंकारले तरी आपले बोलणे थांबवत नाही.

मोठी माणसे बाळाशी ज्या वेगळ्या बोलीत बोलतात तिला बाळबोली म्हणता येईल. भाषाविज्ञानात या विषयाचा अभ्यास जगभर सुरू झाला त्यात मराठीचा वाटा पहिल्या फळीतला आहे, हे मराठी वाचकांना फारसे माहीत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे दीर्घकाळ अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली 'वर्ड' या अमेरिकेतल्या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेतल्या आदिवासींची कोमांची आणि पूर्व सैबेरियातली गिल्याक यांच्या बरोबरीने सहावी भाषा होती मराठी. इतक्या दूरदूरच्या भाषांत बाळाशी बोलण्याच्या रीती आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या निघाल्या: सोपी व्यंजने, दुहेरी अक्षरे, जोडाक्षरांना फाटा, वरच्या पट्टीतला हेलकावणारा आवाज.

मराठीची बाळबोली आठवायला कोणालाही शब्दकोश लागत नाही. जेवण म्हणजे मम्मं, दूध म्हणजे दुदू, झोप म्हणजे गाई, फिरायला जाणे म्हणजे भुर्र, लागले की बाऊ, देव म्हणजे जेजे, घाण म्हणजे छी. प्राणी आपापल्या आवाजाने ओळखले जातात: चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा. यातल्या बऱ्याच शब्दांना व्याकरण नाही. 'गाई' हा शब्द नाम आहे की क्रियापद, हे विचारण्यात अर्थ नाही. 'गाई कर', 'गाई आली', 'गाई गाई' असे कसेही चालते. हे शब्द मुलाने तयार केलेले नसतात. पिढ्यान् पिढ्या मोठ्यांनी मुलांसाठी जपून ठेवलेले असतात. बाळाच्या तोंडाला झेपणारे आणि कानाला पटकन धरता येणारे हे शब्द पुढच्या शब्दांकडे जाणारी पायरी आहेत. बाळाशी 'शुद्ध' बोलावे, 'भूभू' न म्हणता 'कुत्रा' म्हणावे, असा सल्ला शिकलेल्या घरांत दिला जातो. त्याला अभ्यासाचा आधार नाही. वर-खाली हेलकावणारा, सावकाश, पुन्हा पुन्हा तेच म्हणणारा आवाज बाळ जास्त लक्ष देऊन ऐकते. मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की बाळबोली आपोआप मागे पडते, कारण तोवर आजीच 'भूभू कुत्रा आला बघ' असे दोन्ही शब्द जोडून बोलू लागलेली असते.

पहिला खरा शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. कळणाऱ्या शब्दांची संख्या त्याच्या कितीतरी पुढे असते. 'चप्पल आण' म्हटल्यावर चप्पल आणणाऱ्या मुलाला 'चप्पल' म्हणता येत नसते. दीड वर्षापर्यंत बोलण्यातले शब्द पन्नासच्या घरात जातात आणि मग वेग एकदम वाढतो. सुरुवातीचे अर्थ सैल असतात. 'काऊ' म्हणजे कावळा, कोंबडी, बगळा, समुद्रपक्षी आणि कधी कधी घरावरून जाणारे विमानसुद्धा. 'बाबा' हा शब्द लुंगी नेसलेल्या कोणाही पुरुषाला लागू होतो. ही गल्लत नव्हे, उपलब्ध शब्दावर केलेले काम आहे. उडणाऱ्या सगळ्याला एक नाव देणारे मूल वर्गीकरण करत असते. पुढे 'बगळा' हा शब्द मिळाला की 'काऊ' आपली हद्द कमी करतो.

दोन वर्षांच्या आतबाहेर दोन शब्द एकत्र येतात. 'बाबा भुर्र', 'मम्मं नको', 'माझी चप्पी', 'आणि दे'. या दोन शब्दांत बहुधा विभक्ती नसते, क्रियापदाचे पूर्ण रूप नसते, तरी क्रम बहुतेक बरोबर असतो. लगेच पुढचे वर्ष-दीड वर्ष हे व्याकरणाचे वर्ष, आणि मराठी मुलाला या वर्षात जे करावे लागते ते पाहिले की छाती दडपते.

मराठीत तीन लिंगे आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला वस्तूंची लिंगे लक्षात ठेवावी लागत नाहीत. हिंदी शिकणाऱ्याला दोन पुरतात. मराठी मुलाला प्रत्येक नामाचे लिंग हवेच, कारण त्याशिवाय विशेषण बसत नाही आणि क्रियापदही बसत नाही. बंदरावरून आलेल्या पाटीभोवती बसलेल्या मुलाला एका दमात म्हणावे लागते: बांगडा आला, सुरमई आली, पापलेट आलं. बोंबील पुल्लिंगी, कोळंबी स्त्रीलिंगी. माशांच्या अंगावर यातले काही लिहिलेले नसते. शिवाय भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. खाणारी आई असो की खाणारे बाबा असोत, 'बांगडा खाल्ला', 'भाकरी खाल्ली', 'केळं खाल्लं' असेच म्हणायचे. हे नियम मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्या परभाषकाला वर्षानुवर्षे छळतात. बुरोंडीच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला ते येत असतात, आणि आपल्याला काही अवघड येते आहे हे त्याच्या गावीही नसते.

वाटेत चुका होतात, आणि त्या चुकाच सर्वांत बोलक्या असतात. 'केलं' ऐवजी 'करलं', 'दिलं' ऐवजी 'देलं', 'आलं' ऐवजी 'येलं'. अशी रूपे मोठ्यांच्या तोंडून मुलाने ऐकलेली नसतात, म्हणजे ही नक्कल नव्हे. 'बसलं, उठलं, पडलं' वरून त्याने नियम काढला आणि तो सगळीकडे लावला. मुलांच्या डोक्यात नियम असतो हे अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 साली दाखवले. त्यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिले आणि तसे दोन असतील तर काय म्हणाल, असे विचारले. कधी न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केले. मराठीतही हे कोणालाही घरी करून पाहता येईल. 'हा एक टिबला. आता दोन आले. दोन काय?' चार वर्षांचे मूल 'टिबले' म्हणते. 'करलं' म्हणणाऱ्या मुलाला हसून किंवा रागावून काही साधत नाही. 'हो, केलंस का तू? छान केलंस' असे बरोबर रूप उत्तरात आले की पुरते. हे आयांना शिकवावे लागत नाही.

स्वतःबद्दल बोलतानाची एक गंमत मराठी घरांत नेहमी दिसते. दिवसभर आई, आजी, आत्या यांच्यात वावरणारा मुलगा 'मी जाते' म्हणतो. मोठ्या भावांमागे फिरणारी मुलगी 'मी येतो' म्हणते. 'मी' बरोबर येणारे रूप बोलणाऱ्याच्या लिंगावर ठरते, ऐकलेले जसेच्या तसे उचलून चालत नाही, हे उमगायला काही महिने लागतात. 'आपण' आणि 'आम्ही' यांचेही तसेच. 'आपण जाऊ' मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही जाऊ' मध्ये वगळलेला असतो. हा भेद इंग्रजीत नाही. मराठी मूल तो चारेक वर्षांपर्यंत साधते आणि भांडणात त्याचा नेमका उपयोग करते: 'आम्ही खेळणार, तू नाही.' काळाचे शब्द मात्र बराच वेळ घोटाळ्यात असतात. 'काल जाऊया' आणि 'उद्या आलो होतो' ही वाक्ये पाच वर्षांपर्यंत ऐकू येतात. 'परवा' तर दोन्ही दिशांना चालतो, त्यामुळे तिथे मुलाला दोष देता येत नाही.

उच्चारही याच काळात बसतात. ओठांचे 'प, ब, म' आधी, 'र' आणि जोडाक्षरे शेवटी. 'काका' चा 'ताता' आणि 'राजा' चा 'लाजा' होतो. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घरच्यांना कळते, परक्याला अर्धे-मुर्धे. चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्यालाही कळले पाहिजे. 'ळ' बद्दल इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कोळी आणि आगरी बोलींत 'ळ' च्या जागी 'ल' येतो: जालं, डोला, कोली. त्या घरातले मूल 'जालं' म्हणते तेव्हा ते बोबडे बोलत नसते. ते आपल्या घरची भाषा शुद्ध बोलत असते. बोबडेपणा आणि बोली यांतला हा फरक न ओळखणारा शिक्षक मुलाचे मोठे नुकसान करतो.

दोन वर्षांनंतर प्रश्न सुरू होतात. आधी 'हे काय', मग 'कुठे', 'कोण', आणि शेवटी न संपणारे 'का'. समुद्र खारट का, बोट बुडत का नाही, आजोबांना दात का नाहीत. मुलाच्या वाढीतले सर्वांत मोलाचे घरगुती शिक्षण या प्रश्नोत्तरांत होते. 1995 साली बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांनी अमेरिकेतल्या 42 कुटुंबांच्या निरीक्षणावरून, गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर तीन वर्षांपर्यंत सुखवस्तू घरांतल्या मुलांपेक्षा 3 कोटी शब्द कमी पडतात असा अंदाज मांडला. त्यावर नंतर बरीच टीका झाली: घरे थोडी, आणि आजी, मावशी, भावंडे, शेजारी यांचे बोलणे हिशेबात पुरेसे धरलेलेच नाही. एकत्र ओसरी असलेल्या कोकणातल्या वाडीला तो हिशेब लावणे तर अगदीच चुकीचे ठरेल. 2018 साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या तपासण्या केल्या, तेव्हा शब्दांच्या नुसत्या संख्येपेक्षा बोलण्याच्या फेऱ्या, म्हणजे मूल बोलले, मोठे माणूस बोलले, पुन्हा मूल बोलले, अशा देवाणघेवाणी महत्त्वाच्या ठरल्या. मुलाच्या अंगावर शब्द ओतून भाषा येत नाही. ती उत्तर मिळाल्याने येते. आणि उत्तर देण्यासाठी शिकलेले असावे लागत नाही, हजर असावे लागते.

मासेमारीच्या गावात ही हजेरी ऋतूप्रमाणे बदलते. समुद्रावरची यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. एरवी पहाटे निघून मूल झोपल्यावर परतणारा बाप हे दोन महिने घरी असतो. जाळी विणतो, तुटलेली दुरुस्त करतो. शेजारी बसलेल्या मुलाला त्या वेळी जे शब्द मिळतात ते पुस्तकात सापडणार नाहीत. उधाण, ओहोटी, वल्हे, नांगर, शीड, दोर, गाठ, वाऱ्याची दिशा. हातांचे काम चालू असताना केलेल्या अशा गप्पा मुलाच्या शब्दसंग्रहासाठी फार चांगल्या असतात, कारण शब्द, वस्तू आणि कृती एकाच जागी असतात. भात लावणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर बसलेल्या मुलाचेही तसेच. घरातल्या कामाला 'मुलाला शिकवण्याचा वेळ' मानले जात नाही, हे दुर्दैव आहे.

चार वर्षांचे मूल एकटे खेळताना मोठ्याने बोलते. भातुकलीत ते आई होते, डॉक्टर होते, मासे विकणारी होते. आवाज बदलते, भाव करते, गिऱ्हाइकाला परत पाठवते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोत्स्की यांनी 1934 साली प्रसिद्ध झालेल्या 'विचार आणि भाषा' या ग्रंथात या स्वतःशी बोलण्याला मोठे महत्त्व दिले. माणसांशी बोलताना मिळालेली भाषा मूल आधी स्वतःला मोठ्याने ऐकवते, मग हळूहळू तीच आत जाते आणि विचार होते. म्हणून खेळणाऱ्या मुलाला 'गप्प बैस' म्हणणे म्हणजे त्याचे विचार करणे थांबवण्यासारखे आहे.

गोष्ट ही याच्या पुढची पायरी. मराठी मुलाची पहिली गोष्ट बहुधा काऊ-चिऊची असते: शेणाचे घर, मेणाचे घर, पाऊस, आणि दार न उघडण्याची कारणे. या गोष्टीचे एक जुने रूप तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा' त सापडते, म्हणजे सातशे वर्षांहून अधिक काळ ती मराठी मुलांना भाषा शिकवते आहे. तिची बांधणी पाहिली तर कारण कळते. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येते, दर वेळी एकच तपशील बदलतो. बाळाला तीट लावते, बाळाला न्हाऊ घालते, असे एकेक कारण पुढे येते. तिसऱ्या खेपेला मूल ते वाक्य गोष्ट सांगणाऱ्याच्या आधी म्हणते. पाचव्या दिवशी ते गोष्ट स्वतः सांगते. आधी-मग-शेवटी ही घटनांची साखळी, आणि 'म्हणून', 'पण', 'तेवढ्यात' हे तिचे सांधे, मुलाला गोष्टीतून मिळतात. रोजच्या बोलण्यात ते इतक्या दाटीने येत नाहीत.

हे सगळे घरात होत असताना शाळापूर्व शिक्षणाची वेगळी गरज काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात ताराबाई मोडक (1892-1973) आणि अनुताई वाघ (1910-1992) यांनी कामातून दिले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मोंटेसोरी पद्धतीची महागडी साधने आणि शहरी बालमंदिर हे खेड्याला परवडणारे नाही, हे ओळखून त्यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, माती ही तिथली साधने. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. वारली मुलाची बोली शिक्षिकेने आधी ऐकायची, मग आपले शब्द द्यायचे, हा क्रम तिथे अनुभवातून ठरला. बुरोंडीच्या पुळणीवर कोणतेही मूल मूठभर शिंपले गोळा करून लहान-मोठा, आत-बाहेर, कमी-जास्त, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे शिकू शकते. त्यासाठी प्लास्टिकचा संच मागवण्याचे कारण नाही.

अंगणवाडी हे नाव आता देशभर रूढ आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण तिच्या सहा सेवांपैकी एक ठरले. प्रत्यक्षात आहार, वजन, लसीकरण आणि नोंदी यांतच सेविकेचा दिवस जातो. रजिस्टरे संपली तर मोबाइलवरची माहिती भरायची असते. पंचवीस मुलांशी रोज थोडे थोडे बोलणे हे तिचे सर्वांत महत्त्वाचे काम, आणि त्यासाठीच तिला वेळ उरत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक पायाभूत टप्पा मानला, आणि केंद्र सरकारच्या 2023 मधल्या 'पोषण भी पढाई भी' या कार्यक्रमाने सेविकांच्या शैक्षणिक प्रशिक्षणाला जागा दिली. पालघर जिल्ह्यात 2007 पासून काम करणाऱ्या क्वेस्ट या संस्थेने अंगणवाड्यांसाठी 'पालवी' हा कार्यक्रम उभा केला, त्यात गप्पा, गोष्टी आणि मोठ्याने वाचन यांना रोजच्या वेळापत्रकात हक्काची वेळ आहे. दिशा बरोबर आहे. सेविकेवरचा कागदी भार उतरल्याशिवाय मात्र ती गाठता येणार नाही.

अंगणवाडीची खरी ताकद अशी की सेविका आणि मदतनीस बहुधा गावातल्याच असतात. त्यांना मुलाची बोली येते. मूल 'पानी' म्हणाले तर त्याला पाणी द्यायचे आणि देताना 'हे घे पाणी' म्हणायचे, दुरुस्ती तेवढीच. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बोलीभेदांवर पीएचडीचे संशोधन केले आणि पुढे तिथेच राहून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे केले. बोली ही बिघडलेली मराठी नसून नियमबद्ध भाषा आहे, आणि मुलाला त्याच्या बोलीसकट वर्गात घेतले तरच ते प्रमाण भाषेकडे येते, हे त्या कामामागचे सूत्र. दोन बोली किंवा दोन भाषा एकाच वेळी कानावर पडल्याने मूल गोंधळते हा समज खोटा आहे. चार वर्षांचे मूल आजीशी एक, बाईंशी दुसरी आणि मुंबईच्या चुलतभावाशी तिसरी मराठी बोलते. गोंधळते ते मूल ज्याच्या घरच्या बोलण्याला वर्गात हसतात. ते बोलायचेच थांबते. तसेच तिसऱ्या वर्षी इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात घातलेल्या मुलाचे दिवसातले चार तास न कळणाऱ्या भाषेत जातात, तेही प्रश्न विचारण्याच्या ऐन वयात.

मोबाइलचा प्रश्न आता शहराइतकाच वाडीचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून अधिक नको, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. पडद्यावरची बालगीते मुलाला पाठ होतात, रंगांची आणि आकड्यांची इंग्रजी नावेही येतात, पण आपल्याला तहान लागली आहे हे सांगायला ती उपयोगी पडत नाहीत. फोनचा एक उपयोग मात्र वेगळा आहे: मुंबईतल्या बापाशी किंवा काकाशी व्हिडिओवर बोलणे. तिथे समोरचे माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देते, आणि उत्तर असेल तिथे शिकणे होते.

सगळीच मुले एका वेळी बोलत नाहीत. दोन-चार महिन्यांचे मागेपुढे नेहमीचे. काही खुणा मात्र वाट बघण्याच्या नसतात. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही बडबड करत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जुळत नसतील, किंवा येत असलेले बोलणे कोणत्याही वयात नाहीसे झाले असेल, तर तपासणी करावी. 'ह्याचा बापही उशिरा बोलला' या वाक्याने अनेक मुलांची मोलाची वर्षे गेली आहेत. पहिली तपासणी कानांची. पूर्ण बहिरेपण लवकर लक्षात येते. कमी ऐकू येणे, किंवा वारंवार कान फुटल्यामुळे अधूनमधून न ऐकू येणे, लक्षात येत नाही आणि मूल 'दुर्लक्ष करते' असे म्हटले जाते. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिया रोपण जितके लवकर, तितकी भाषा चांगली येते, कारण आवाज वेगळे करण्याचा मेंदूचा हंगाम पहिल्या वर्षांतच असतो. ज्याला ऐकू येणार नाही त्या मुलाला खुणांची भाषा लवकर मिळणे तितकेच आवश्यक आहे. हातांनी शिकलेली भाषाही पूर्ण भाषाच असते.

पाच वर्षांच्या मुलाकडून अक्षरे गिरवून घेण्याची घाई पालकांना असते. वाचनाची पूर्वतयारी मात्र कानांनी होते. 'कमळ' या शब्दाला तीन टाळ्या वाजवणे, 'मासा' आणि 'मासोळी' यांत सारखे काय ते सांगणे, 'गाडी-माडी-वाडी' अशी यमके जुळवणे, शेवटच्या अक्षरावरून शब्दांच्या भेंड्या लावणे, या खेळांत शब्द आवाजांचा बनलेला असतो हे मुलाला कळते. देवनागरीतले अक्षर म्हणजे साधारण एक टाळी; ज्याला टाळ्या वाजवता येतात त्याला बाराखडीचा अर्थ लागतो. चित्रांचे पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्याने वाचणे हे त्याच्या जोडीला हवे. पुस्तक कसे धरायचे, ओळ कुठून कुठे जाते, आणि छापलेली अक्षरे दर वेळी तेच शब्द बोलतात, हे तिथे समजते.

सहाव्या वर्षी पहिलीत जाणाऱ्या मुलाकडे व्याकरण जवळजवळ सगळे असते आणि शब्द काही हजार. याहून महत्त्वाची गोष्ट त्याला अलीकडेच जमू लागलेली असते: जो तिथे नव्हता त्याला घडलेले सांगणे. तीन वर्षांचे मूल 'तो पडला' म्हणून थांबते. तो कोण, कुठे, ऐकणाऱ्याला माहीत आहेच असे त्याला वाटते. समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते ही जाण साधारण चौथ्या वर्षानंतर येते. मग सांगणे बदलते. नारळी पौर्णिमेला बंदरावर काय झाले ते मुंबईहून आलेल्या आत्याला सांगताना सहा वर्षांची मुलगी आधी दिवस सांगते, मग होडी कोणाची ते, होडीला काय काय लावले होते ते, नारळ कोणी सोडला ते. आत्याला माहीत नसलेल्या माणसाचे नाव आले की मध्येच थांबून 'तो आमच्या शेजारचा' असे जोडते, आणि पुन्हा नारळाकडे येते.